मिठाचा दुसरा शब्द

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्या वर्षी आमच्या शेजारच्या रिकाम्या घरात एक निवृत्त प्राध्यापक राहायला आले. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं होतं. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. सामान म्हणजे एक पलंग, एक स्टोव्ह आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे. डब्यांत खाऊ असणार म्हणून आळीतली मुलं दोन दिवस घिरट्या घालत होती. डब्यांत निघाल्या कागदाच्या चिठ्ठ्या.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लिहून द्यायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आमच्या घरात वाचता येईल असं अक्षर हिचं एकटीचंच आहे." मग ठरलं असं, की शाळा सुटली की मी दिवेलागणीपर्यंत त्यांच्याकडे बसायचं, आणि त्यांनी मला इंटरच्या परीक्षेचं इंग्रजी शिकवायचं. मला बाहेरून परीक्षेला बसायचं होतं. व्यवहार सरळ होता.

चिठ्ठ्या म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांचे चार-चार तुकडे, कोऱ्या बाजूला एकेक शब्द. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून 'दीर' लिहून घेतला. त्याच्याखाली संस्कृतातला देवर. त्याखाली लॅटिनमधला लेविर, रशियनमधला देवेर. मी म्हटलं, "रशियात दिराला देवेर म्हणतात?" ते म्हणाले, "तुमच्या दिराचा आणि त्यांच्या दिराचा शब्द एकाच घरातून निघालाय, बाई. ते घर आता नाही. पण भावंडं सगळी एका तोंडावळ्याची असली, तर बाप कसा दिसत असेल ते मांडता येतं." असा मांडलेला मूळ शब्द लिहिताना आधी एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला नाही, आपण अनुमानानं उभा केलाय.

मला हे काम आवडलं. चोराचा माग काढण्यासारखं होतं. सून, सासू, सासरा, जाऊ, सगळ्यांचे धागे ग्रीस-इटलीपर्यंत पोचत होते. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, की नवऱ्याच्या नातेवाइकांच्या चिठ्ठ्यांनी डबा भरलाय आणि बायकोच्या माहेरच्यांसाठी मूळ शब्द जवळजवळ सापडतच नाहीत. मी तसं बोलले.

ते म्हणाले, "बरोबर. त्यावरून विद्वान म्हणतात, की त्या लोकांत मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या घरी जात असे."

"त्याला विद्वान कशाला हवेत? परक्या घरात जिला जाऊन राहायचंय तिलाच कोण कोणाचं कोण ते पाठ करावं लागतं. नवऱ्याला काय, त्याची माणसं जन्मापासून समोरच आहेत."

ते खूप हसले आणि म्हणाले, "हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही."

त्यांचा स्वतःचा जीव मात्र एका वेगळ्याच चिठ्ठीत अडकला होता. ती मिठाची. लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'सल', ग्रीकात 'हल्स', रशियनमध्ये 'सोल', इंग्रजीत तर आपल्याला माहीतच आहे. युरोपभर एकच शब्द. आपल्याकडे मात्र तो नाही. संस्कृतातलं लवण निराळं. काहीजण सलिल शब्द ओढून आणतात, पण सलिल म्हणजे पाणी. आणि आपलं मीठ निघालंय मिष्टवरून, उत्तरेत त्याच शब्दाचा अर्थ गोड. "इतकी रोजची वस्तू," ते म्हणायचे, "आणि आपल्या बाजूला शब्द पुसला गेला. का?" चिठ्ठीवर संस्कृतच्या आणि मराठीच्या पुढे त्यांनी जागा कोरी ठेवली होती. पनवेलला राहायला येण्याचं कारणही थोडंफार तेच होतं. इथल्या मिठागरांवर पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसं राबतात. त्यांच्या बोलीत कुठेतरी तो शब्द तग धरून असेल, अशी त्यांची आशा. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेली मुळं शिकवली होती. "एक शब्द माझा असावा," असं ते एकदाच म्हणाले. नंतर विषय बदलून मला इंग्रजी भूतकाळ विचारू लागले.

आमच्याकडे दर शनिवारी मीठ घेऊन एक बाई यायची. पन्नाशीची, काटक, खाडीकाठच्या मिठागरावरची. मीठवाल्या इतर बायका "मीठ घ्या मीठ" ओरडत जायच्या. ही मात्र ओरडायची नाही. पाटी उतरवून मापटं पाटीच्या काठावर तीनदा आपटायची आणि म्हणायची, "आली गो बायांनो!" आम्ही समजायचो. इतकी वर्षं तिच्याकडून मीठ घेतलं, पण ती असं का करते, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मे महिन्यात वर्षाची बेगमी करायला मी एका हमालाला घेऊन थेट तिच्या मिठागरावर गेले. झोपडीपुढे मिठाच्या राशी, वर गवत शाकारलेलं. ती आत बघून सुनेवर ओरडली, "सल भर गो त्या पाटीन, उबी काय ऱ्हायलीस?"

मी जागच्या जागी थांबले. विचारलं, "काय भर म्हणालात, मावशी?"

"सल."

"मिठाला सल म्हणता तुम्ही?"

"आमचे घरान सगल्या सलच बोलतान. मी बोलते, सुना बोलतान. का गो?"

"आणि हा शब्द कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले तवाधरना."

मी हमालाला तिथेच सोडून तशीच घरी आले. प्राध्यापक खुर्चीत बसले होते. मी सांगितलं तसे उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा मला तेच वाक्य म्हणायला लावलं. शल्यावरून आलेला मनातला सल तो हा नव्हे, हे त्यांनी लगेच बाजूला काढलं. मग म्हणाले, "हे लोक ळ म्हणत नाहीत. फळाला फल, सगळ्याला सगला. म्हणजे आधी सळ असणार, जुना ल मराठीत ळ होतोच. नियमाला धरून आहे, बाई! अगदी नियमाला धरून आहे!" कोरी जागा त्यांनी मला भरायला सांगितली. मी ठळक अक्षरात 'सल' लिहिलं. चहा त्या दिवशी त्यांनी केला. त्यात साखर नव्हती, पण आम्ही दोघांनीही तो प्यायला.

त्यावर त्यांनी बावीस पानांचा इंग्रजी लेख लिहिला. म्हणजे सांगितला, मी लिहिला. पुण्याच्या एका संशोधनाच्या त्रैमासिकानं तो स्वीकारला. शेवटी आभारांत 'पनवेलच्या एका शिक्षिका' असा माझाही उल्लेख होता. तो मी दोनदा वाचला. वर्षभरानं, पुढल्या जून महिन्यात, छापखान्यातून प्रूफं आली. आठ दिवसांत तपासून परत पाठवायची होती.

शाळेत तेव्हा नवीन मुलींचे दाखले चालले होते. तीच मीठवाली बाई नातीला घेऊन आली. मुलगा मचव्यावर गेलेला, म्हणून पालक म्हणून ही. मी रजिस्टर उघडलं. तिनं नातीचं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं. मी विचारलं, "मुलाच्या वडिलांचं नाव?"

तिनं पदर तोंडावर धरला.

"मावशी, तुमच्या मालकांचं नाव. इथे पूर्ण लिहावं लागतं."

"त्ये मी कशी घेऊ? लिव ना तूच."

"मला माहीत नाही तर काय लिहू?"

तिनं इकडेतिकडे बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, चिमूटभर मीठ काढलं आणि माझ्या रजिस्टरावर ठेवलं. "ह्या. ह्याच्यावरना हाय."

नात खिदळली आणि तिनं आजोबांचं नाव मोठ्यानं सांगून टाकलं. आजीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "जल्ला तुजा त्वांड! आज्याचा नाव असा वरडतान?"

ते नाव आमच्या बाजूला प्रत्येक गावात एकतरी असतंच. मिठावरूनच पडलेलं. मी लिहिलं. रजिस्टरावरचं मीठ झटकलं. आणि मग माझं पेन थांबलं. ह्या बाईनं लग्न झाल्यापासून मीठ हा शब्द तोंडातून काढलेला नव्हता. नवऱ्याचं नाव होतं ते. सुनांच्या सासऱ्याचं होतं. म्हणून दारोदार मापटं आपटणं. म्हणून घरात दुसरा शब्द.

यात मला शरम वाटली ती स्वतःची. मी काही विलायतेहून आले नव्हते. मी स्वतः नवऱ्याला 'हे' म्हणते. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या यजमानांच्या नावात 'सोम' येतो, म्हणून त्या आयुष्यभर सोमवारला 'शंकराचा दिवस' म्हणत आल्या. मिठागरावर त्या दिवशी, शब्द कधीपासून, एवढं विचारलं मी. त्याच्या ऐवजी घरधन्याचं नाव विचारायला हवं होतं. आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईला हे सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी त्या वेळी बाई नव्हते. मी संशोधक झाले होते.

संध्याकाळी जाऊन सगळं सांगितलं. प्रूफं टेबलावर होती, भिंग बाजूला. त्यांनी भिंग उचलून पुन्हा खाली ठेवलं. मग आवाज चढवून म्हणाले, "एका बाईच्या नवऱ्याचं नाव काय आहे त्यावरून मी लेख मागे घेऊ?"

"मी तसं म्हटलं नाही. मी फक्त कळलं ते सांगितलं."

"तिनं मीठ म्हणायचं टाळलं, कबूल. पण टाळून शब्द आणला कुठून? हवेतून? जुना शब्द कोपऱ्यात पडलेला असेल, तोच उचलला असेल. टाळण्यामुळेच टिकला असेल तो!"

हे मला पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, "मग तिच्या माहेरी विचारून बघू. तिथे त्या नावाचा नवरा नाही. तिथे सल म्हणत असतील तर तुमचं खरं."

"आणि नसतील तर?"

"तर नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या डोळ्यांना चष्म्याचा तसा काही उपयोग नव्हता. "रविवारी जाल?"

तिचं माहेर उरणच्या अलीकडे होतं. आधी शनिवारी मीठवाली आली तेव्हा मी तिला दारातच बसवलं आणि या वेळी न चुकता नीट विचारलं. ती म्हणाली, तेराव्या वर्षी लग्न झालं. पहिल्याच दिवशी सासूनं बजावलं, 'आता त्ये नाव नाय घ्यायचा, खारा बोलायचा.' हिनं खारं म्हणायला सुरुवात केली. पण मिठागरावर सगळंच खारं. खारं आण म्हटलं की नणंद पाण्याचा हंडा आणून आदळायची आणि हसायची. "मंग मी मनान बोलले, आपलाच एक शब्द काडू. माज्या म्हायेराला एक म्हातारी व्हती, तिच्याकडना उचलला."

"कोण म्हातारी?"

"किरिस्तावीन. शेजारीन आमची. हाय अजून, आंधली झाली."

खरं म्हणजे तिथेच मला कळायला हवं होतं. पण एकदा घाई करून तोंडघशी पडले होते. रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघाले.

गावात सहा घरी विचारलं. सहाही ठिकाणी मीठ. सल म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "काटा रुतला काय, बाय?" मग ख्रिस्ती म्हातारीचं घर शोधलं. ओटीवर बसून ती सुकट निवडत होती, बोटांनी चाचपून. मी मीठवालीचं नाव काढलं तसा तिचा चेहरा फुलला. ती लहानपणी हिच्याच ओटीवर खेळलेली. मी शब्द विचारला.

म्हातारी म्हणाली, "त्यो आमच्या पाद्रीचा. बारशाला बालाच्या जिबेवर मिठाची कनी ठेवतो नि बोलतो, साल." तिनं तो शब्द लांबवून, मान जरा वर करून म्हटला, पाद्री म्हणत असेल तसा. "लॅटिनमदी. सगला लॅटिनमदीच बोलतो त्यो, आमाला कुटं कलतंय? पन येवडा मना कलला, कारन मीठ दिसतंय ना! त्या पोरीला मजा वाटायची. बावलीचा बारसा करायची नि तिच्या तोंडान मीठ कोंबायची. साल, साल करत."

मी विचारलं, "घरात तुम्ही मिठाला साल म्हणता का?"

"खुली काय तू? मीठच बोलतो."

परतीच्या एस.टी.त मी ते सगळं वहीत उतरवलं. मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. शब्द खोटा नव्हता. ज्या मुळापासून लॅटिन निघालं त्याच मुळाचा होता. फक्त तो हिमालयाच्या बाजूनं चालत आला नव्हता. पोर्तुगिजांच्या गलबतांतून चर्चमध्ये उतरला, एका बाळाच्या जिभेवर ठेवला गेला, बाहुलीच्या बारशात शिरला आणि नवऱ्याचं नाव आडवं आलं म्हणून एका घरात मुक्कामाला राहिला. तीन बायकांच्या तोंडी.

प्राध्यापक पायरीवर उभे होते. किती वेळ ते विचारलं नाही. मी वही वाचून दाखवली, मध्ये कुठे गाळलं नाही. बाहुलीच्या बारशाचं ऐकताना ते एकदा हसले. संपल्यावर म्हणाले, "तुम्ही गेला नसतात तर?"

"तर छापून आल्यावर दुसरं कुणी गेलं असतं. आणि त्यानं ते छापून आणलं असतं."

"हो," ते म्हणाले. "तेही खरं." मग थोड्या वेळानं, "तुमचा उल्लेख आभारांत होता."

"त्याचं मला काही नाही." हे तितकंसं खरं नव्हतं, पण त्या वेळी बोलायला ठीक होतं.

त्या संध्याकाळी प्रूफांना हात लागला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर प्रूफांची गुंडाळी दोऱ्यानं बांधून तयार. त्यांनी संपादकांना पत्र सांगितलं. पहिल्या वाक्यात 'अत्यंत खेदपूर्वक' होतं. मी तेवढं लिहिलं आणि पेन उचललं. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "खेद कसला? चूक छापण्याआधी सापडली." त्यांनी ते दोन्ही शब्द काढायला लावले. उरलेलं पत्र सहा ओळींचं झालं. लेख मागे घेत आहे, कारण असं असं. डाक निघायच्या आत मी ते पोस्टात टाकून आले. येईपर्यंत ते मिठाची चिठ्ठी हातात घेऊन बसले होते. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटानं ओळी चाचपत होते.

मला राहवेना. मी म्हटलं, "सर, एक विचारू? आपल्या बाजूला तो शब्द पुसला का गेला, हे तुम्ही नेहमी विचारता. त्या जुन्या लोकांतही कुणाच्या तरी नवऱ्याचं नाव तेच असेल. मोठ्या माणसाचं, गावच्या मुख्याचं. सगळ्या बायकांनी टाळलं असेल. मुलं बायकांजवळच बोलायला शिकतात."

"पुरावा?"

"काही नाही."

"मग आधी चांदणी काढा," ते म्हणाले, पण चिठ्ठी खाली ठेवली आणि ताठ बसले. "युरोपात उत्तरेकडच्या काही लोकांनी अस्वलाचा मूळ शब्द असाच टाकलाय. भीतीपोटी. नाव घेतलं की येतं म्हणून. मिठाला कोण भिणार, असं म्हणत होतो मी. नवऱ्याचं लक्षातच आलं नाही." मग म्हणाले, "ती बाई पुन्हा कधी येते?"

शनिवारी पाऊस होता. ती इरलं पांघरून आली, पाटीवर दुसरं इरलं. मापटं काठावर आपटायच्या आधीच प्राध्यापक दारात. इतकी वर्षं ह्या विषयात काढून त्यांनी मीठवाल्या बाईशी स्वतः कधी बोलणं केलं नव्हतं. ते काम माझ्याकडे होतं. आता ते पायरीवरच बसले आणि विचारू लागले. घरात आणखी कोणते शब्द टाळता? सुना माहेरी गेल्या की मीठ म्हणतात का? धाकट्या सुनेच्या मुलीला कोणता शब्द आधी आला? नवरा घरात नसला तर?

ती आधी मला बघून हसली, मग सांगू लागली. माहेरी गेली तरी सुनेच्या तोंडी सलच येतो, म्हणून तिची भावजय तिला वेडावते. धाकटीची मुलगी दोन्ही म्हणते, आजोबा समोर असले की मीठ, आजी समोर असली की सल. प्राध्यापक मला म्हणाले, "लिहून घ्या, लिहून घ्या." मी वही आणायला आत धावले.

बाहेर येईपर्यंत आळीतल्या चार बायका भांडी घेऊन ताटकळत उभ्या होत्या आणि मीठवाली वैतागली होती.

"अरे बाबा, तू घेनार हायेस का मी जाऊ? बोलाया बसले तर माजी पाटी कवा रिकामी व्हईल?"

"सगळी पाटी घेतो," प्राध्यापक म्हणाले. "तू बस."

एकट्या माणसाला ते मीठ दोन वर्षं पुरलं असतं. मी त्या चार बायकांना सांगितलं, आपापली भांडी घेऊन मिठासाठी सरांच्याच स्वयंपाकघरात या, आणि वहीचं कोरं पान काढलं.